खांबावरची परीक्षा

"खाली बघू नगंस," अण्णासो म्हणाला.

साक्षी खाली बघतच नव्हती. ती कुठंच बघत नव्हती. खांबाच्या निम्म्यावर, कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून ती नुसती थांबली होती.

"आता एक हात सोड."

तिनं सोडला.

"दुसरा."

तोही सोडला. अंग मागं गेलं, पट्टा ताणला, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. अण्णासोला तेच खटकत होतं. भ्यालेलं माणूस जपून राहतं. त्याच्या सुनेला भीती वाटायचीच बंद झाली होती.

खांब जुना होता, लोखंडी, उचगावातल्या त्यांच्या घरामागचा. त्याच्यावरची तार काढून नेऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णासो वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झाला होता. थोरला मुलगा, साक्षीचा नवरा प्रसेनजीतही तिथंच लागला. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात वादळात तुटलेली लाईन जोडताना तो खांबावरच गेला.

खात्यानं सांगितलं, घरातल्या एकाला शिकाऊ म्हणून घेऊ. पण आयटीआय झालेलं पाहिजे आणि खांबावर चढून दाखवलं पाहिजे. धाकटा संग्राम नववीतच शाळा सोडून ट्रॅक्टरवर जात होता. आयटीआय केलेली घरात एकटी साक्षी. वायरमनच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि प्रसेनजीत तिला तिथंच भेटला होता.

"हिचं काम झालं की संग्रामासंगं लगीन लावून टाकू," अण्णासोची बायको आक्काताई जेवताना त्याला म्हणाली. "पंचशील घ्यायचं, चार माणसं बोलवायची. सून घरात, पगार घरात."

संग्राम ताटात बघत राहिला. साक्षी चुलीपुढं भाकरी थापत होती.

"तुला काय म्हणायचं हाय का?" अण्णासोनं तिला विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. साक्षी तिच्याकडंच बघत बसली होती, पण उलटत नव्हती. शेवटी अण्णासोनंच हात घालून उलटली.

"आधी पास हू दे," तो आक्काताईला म्हणाला. "मग बघू."

त्या दिवसापासून तो जास्तच कडक झाला. साक्षी खांबावर चढली की हा पाठ फिरवून बांधावर बसायचा. शेजारच्या जोतीरामला ते बघवेना.

"अण्णा, पडली म्हंजे?"

"तिथं सासरा जाणार हाय का हिच्यासंगं?" अण्णासो म्हणाला. मग मान न वळवताच त्यानं आवाज दिला, "डीपी बंद केलास. फुडं?"

"तपासायचं," वरून आवाज आला.

"मग?"

"अर्थिंग करायचं."

"आन् कुणी सांगितलं, लाईन बंद हाय, चढ. तर?"

"ऐकायचं न्हाय. आपण बघायचं."

"परत म्हण."

"ऐकायचं न्हाय. आपण बघायचं." ती थांबली. मग तिनं विचारलं, "ह्यांनी बघितलं नव्हतं का?"

अण्णासोनं मान वळवून वर बघितलं.

"बघितलं हुतं," तो म्हणाला. "समदं केलं हुतं त्यानं. वाऱ्यानं शेजारची तार तुटून तो जोडत हुता त्या लाईनीवर आली."

साक्षीनं ऐकून घेतलं. मग पट्टा सोडवून ती सावकाश खाली उतरली आणि शेणी गोळा करायला गेली.

परीक्षेच्या दिवशी दोघं सकाळच्या गाडीनं कोल्हापुरात आले. मैदानात पोरांची रांग होती. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी साक्षीकडं बघितलं, मग अण्णासोकडं.

"हिला ऑफिसात काहीतरी बघता आलं असतं, अण्णा."

"शिकलीय ती. चढू द्या."

ती चढली. टोकाला पोचून तिनं पट्टा अडकवला, दोन्ही हात मोकळे केले आणि सांगितलं तेवढं काम केलं. उतरताना मात्र ती मध्येच थांबली. तिनं खाली बघितलं. खांबाला घट्ट धरून तिनं पट्टा दोनदा ओढून बघितला. अण्णासोला ते खालून दिसलं आणि त्याला बरं वाटलं.

साहेबांनी तोंडी प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली.

"पास," साहेब म्हणाले. "पण इथं जागा नाही. सोमवारी गारगोटीला हजर व्हावं लागेल. जमेल?"

साक्षी काही बोलायच्या आत अण्णासो म्हणाला, "जमंल की. लांब असलं तरी चालंल."

एस.टी. स्टँडवर त्यानं दोन चहा सांगितले. चहा संपला. मग गारगोटीची गाडी लागली.

"जा, खोली बघून घे," तो म्हणाला. "शालूबाई म्हणून हाय तिथं, माझ्या कामावरच्या जोडीदाराची भण. बूथवरनं फोन केलाय, स्टँडावर न्यायला यील. चांगली बाई हाय."

"आजच?"

"आजच."

"परत कवा येऊ, मामा?"

"आधी पोच तर."

ती खिडकीपाशी बसली. गाडी हलली तेव्हा तिनं वळून त्याच्याकडं नीट बघितलं. कितीतरी महिन्यांनी ती अशी कुणाकडं बघत होती. अण्णासोनं हात केला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो उचगावच्या गाडीकडं वळला.

घरी आक्काताईनं पुरण घातलं होतं. संग्राम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातच बसला होता. अण्णासो आला तशी दोघंही त्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडं बघायला लागली.

"काय झालं ओ? आन् पोरगी कुठाय?" आक्काताईनं विचारलं.

अण्णासोनं पायातलं काढलं. कोपऱ्यातला तांब्या उचलून पाणी प्याला. तोंड पुसलं.

"नापास झाली," तो म्हणाला. "म्हायेरला धाडून दिली. आता हितं काय काम हाय तिचं?"