एकतीस हात

ग्रामसभेच्या दिवशी सकाळीही पुंजाराम बाजारतळावर फक्की मारत होता. हातात चुन्याचा डबा, कंबरेतून वाकलेला, मागे सरकत सरकत. शाळेतल्या शिपायाच्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण पोरं फुटबॉल खेळायला यायच्या आधी मैदानाच्या रेषा आखायच्या, हे काम त्याने सोडलं नव्हतं.

"आबा, सभेला तरी धुतलेलं घाला," बेबीनंदा म्हणाली. ती त्याची एकुलती एक मुलगी. त्याच शाळेत शिकवत होती.

"घालतो की. चुनाच हाये, डांबर न्हाई."

बाजारतळ एसटी स्टँडच्या समोर होता. गावात उतरणाऱ्याला सगळ्यात आधी पुंजाराम दिसे, पायापासून भुवयांपर्यंत पांढरा. वर्गात पोरं त्याच्या वाकून चालण्याची नक्कल करत आणि बेबीनंदा आत आली की गप्प होत. मागच्या हिवाळ्यात जालन्याहून तपासणीला आलेल्या बाईंना घ्यायला ती स्टँडवर गेली होती. बाईंनी विचारलं, हे कोण?

"आमच्या शाळेचे जुने शिपाई," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पुंजारामने ऐकलं असावं. डबा खाली ठेवून त्याने हात जोडले. "नमस्ते बाई," तो म्हणाला. दोघींनाही.

घरी त्याने तो विषय कधी काढला नाही. तिनेही नाही.

आता गावाला स्टेडियम मंजूर झालं होतं. फुटबॉलचं मैदान, बसायला पायऱ्या, चारी बाजूंनी भिंत. भांडण होतं ते जागेचं. सरपंच रामराव म्हणत होते, तीर्थपुरीच्या रस्त्याला अडीच किलोमीटरवर गायरान आहे, तिथे पाहिजे तेवढी जागा. चांदमलसेठचं आडतीचं दुकान बाजारतळाला लागून होतं. त्यांच्या ज्वारीच्या ढिगात रोज दोनदा चेंडू येई. तेही गायरानाच्या बाजूने होते. पुंजाराम गावभर एकच गोष्ट सांगत फिरत होता. बाजारतळावर सहा पोरी खेळायला लागल्या आहेत. गायरानावर एकीलाही कोणी धाडणार नाही.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. पुरुष पुढे, बाया मागे व्हरांड्यात.

"पुंजारामभाऊ," सेठ म्हणाले, "घर जवळ हाये म्हणून स्टेडियम जवळ पाहिजे का?"

"मंग तुमचं दुकान लांब न्या, सेठ."

लोक हसले. बरंच बोलणं झाल्यावर रामरावांनी हात वर करायला सांगितलं.

पुरुषांचे हात ग्रामसेवक मच्छिंद्रने मोजले. गायरान नऊ हातांनी पुढे होतं. बायांकडे तोंड करून परक्या माणसाने हात मोजणं बरं दिसत नसे, म्हणून ते काम दरवेळी बेबीनंदाकडे असायचं. ती उठली तसे सेठ म्हणाले की मोजणारी पुंजारामची पोरगी आहे, हे बराबर नाही.

पुंजाराम उभा राहिला. सदऱ्याच्या बाहीवर चुना राहिलाच होता.

"माझी लेक एक हात जास्ती सांगणार न्हाई," तो म्हणाला. "सांगितला तर मी उद्यापासून डबा ठेवून दील."

बेबीनंदा व्हरांड्यात गेली. बाजारतळाला कोण, म्हणताच गोजरबाईने दोन्ही हात वर केले.

"मामी, एक हात खाली."

"एक माझा, एक सुनेचा. ती सैपाक करून राह्यली."

"जी आली तिचाच हात."

गोजरबाईने कुरकुरत एक हात खाली घेतला. बेबीनंदाने पुढून मागे मोजलं, मग मागून पुढे. दोन्ही वेळा आकडा एकच आला. मग तिने गायरानाचे हात मोजले.

"बाजारतळ एकतीस," ती म्हणाली. "गायरान सव्वीस."

मच्छिंद्रने बेरीज केली. गायरान चार हातांनी जिंकलं. सेठ तिच्याजवळ आले. म्हणाले, बाई, चुकलो मी, बोलायला नको होतं.

पुंजाराम जेवताना म्हणाला, "चारानं गेलं. असू दे. तू बराबर मोजलं, ह्येच खूप झालं."

तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

सकाळी तो सायकलला डबा अडकवून निघाला. कुठे, तिने विचारलं.

"गायरानावर. आता मैदान तिथं हाये ना."

नऊच्या सुमाराला कचरू मेंढपाळ शाळेत निरोप घेऊन आला. गायरानावर खडे वेचून चाळीस पावलांची एक रेषा आखलेली होती, दोरीला धरल्यासारखी सरळ. तिच्या टोकाला डबा कलंडला होता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

आठ महिन्यांनी स्टेडियमचं उद्घाटन झालं. कमानीवर पुंजारामचं नाव होतं. गोजरबाई नातीला घेऊन आली होती. मैदानावर दोन्ही संघ पोरांचे होते. नात तिच्या मांडीवर बसून बघत होती.

रामराव भाषणात म्हणाले की मोठा माणूस, हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन इथे आला. आणि लेकही तशीच. बापासाठी एक हात वाढवून सांगितला नाही तिने. मग त्यांनी बेबीनंदाला माईकजवळ बोलावलं.

ती कमानीकडे बघत उभी राहिली. नाव वाचलं.

"हे माझे वडील," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"बाजारतळासाठी बायांचे एकेचाळीस हात वर होते," ती म्हणाली. "मी एकतीस सांगितले."