उगम नसलेले आवाज

“पाहा इंदूताई, कानातली शिट्टी पूर्ण थांबली,” डॉक्टर तांबट पडद्यावरील सपाट रेषा दाखवत म्हणाले. “बाहेर ज्याचा उगम नाही, असा प्रत्येक आवाज तुमच्या कानामागे बसवलेली ही चकती मेंदूतच पुसून टाकते.”

“म्हणूनच ती बंद करा,” गायनशिक्षिका इंदूताई केळुसकर म्हणाल्या. “गळ्यातून निघण्याआधी षड्ज मला मनात ऐकू यायचा. आता तिथे काहीच नाही. काल तंबोरा मिळवायला बसले आणि नुसत्या खुंट्या पिळत राहिले. शिकायला आलेल्या मुली हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं.”

“पण मग शिट्टी जन्मभराची.”

“श्रवणयंत्रातली मंद सरसर आहे, अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या लीनाच्या सुया आहेत. शिट्टी जात नाही, पण झोप लागते.”

“सुयांना भक्कम पुरावा नाही.”

“माझी झोप तुमच्या पुराव्यासाठी अडून बसत नाही. बंद करा, नाहीतर मी करते.”

डॉक्टरांनी चकती बंद केली. शिट्टी तत्क्षणी परतली. इंदूताईंनी डोळे मिटले, शिट्टीच्या कर्कशपणातून वाट काढली आणि तंबोऱ्याविना षड्ज लावला. बाहेर चकतीसाठी बसलेले रुग्ण वळून पाहू लागले, तेव्हा डॉक्टर दार लोटायला उठले.

“राहू द्या उघडं,” इंदूताई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा, अधिक मोकळा, षड्ज लावला.