फळ्याची वरची ओळ

"दुखतोय खांदा आणि सुया नडगीत टोचताय?" चौथ्या खेपेला मी अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाईंवर चिडलेच.

"सुया असू द्या. उजवा हात वर करा," त्या म्हणाल्या.

नेहमीची कळ येणार म्हणून मी दात आवळले. हात कानाला लागला आणि तसाच वर गेला. सहा महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुसरीच्या वर्गात शिरले. फळ्याच्या अगदी वरच्या ओळीत ऑगस्टमधला सुविचार तसाच होता, 'आळस हा माणसाचा शत्रू आहे.' खांदा आखडायच्या आदल्या दिवशी लिहिलेला. डाव्या हाताने पुसता आला असता, पण नवा लिहिणार कोण? म्हणून पोरं रोज परिपाठाला तोच म्हणत होती.

मी डस्टर उचललं आणि एका दमात सगळी ओळ पुसली. केसांवर खडूची भुकटी पडली, तीही झटकावीशी वाटेना.

मागच्या बाकावरून शौनक रडवेला होऊन उठला.

"बाई, का पुसला? मला आजच पाठ झाला होता."

मी तोच सुविचार पुन्हा लिहिला, त्याच ओळीत. पूर्णविराम देईपर्यंत हात खाली घेतला नाही.