चारची हाक

मालकांनी इंग्लंडच्या ससेक्समधली सगळी शेती रानाला सोडून दिली, त्याला वीस वर्षं झाली होती. गोठ्याच्या जागी आता माणूस शिरणार नाही अशी काटेरी झाडी माजली होती. लांब शिंगांच्या गाई मन मानेल तिथे चरत होत्या. त्यांना ना कोणी बांधत होतं, ना कोणी त्यांची धार काढत होतं.

म्हाताऱ्या बेरिलने तोंडाशी हात धरून हाक दिली, "कूऽप, कूऽप!" तिचा नवरा सिरिल चाळीस वर्षं रोज चार वाजता याच हाकेने गाई धारेसाठी गोठ्यात आणायचा. कळप विकला, त्याच हिवाळ्यात तो वारला.

एकाही गाईने ढुंकून पाहिलं नाही.

"नव्या आहेत गं," बेरिल पुटपुटली. "यांना कुठली ओळख?"

रान दाखवणारी टॅमसिन मात्र चकित झाली होती. "अय्या, हुबेहूब! आमचा एक पक्षी अस्साच ओरडतो, बेरिलबाई. रोज चारच्या ठोक्याला, त्या झाडीतून. आजवर कोणाला दिसला नाही, पण त्याचा आवाज आला की गाई रांगेने तिकडे निघतात."

चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. बेरिलने टोपी काढली आणि ती पर्समध्ये कंगवा शोधू लागली.

"थांब हं पोरी, केस तरी सारखे करू दे."