जिन्याच्या आवृत्त्या

"सूनबाई, तुझं सॉफ्टवेअर मलाच प्रश्न विचारतंय," सासरे म्हणाले.

सून टेबलाखालून बाहेर आली. नेटवर्कची वायर खोचता खोचता तिच्या केसांत जळमटं अडकली होती. सकाळपासून ती सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नकाशांच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवत होती. बापलेक दोघेही आर्किटेक्ट. ऑफिस एक, फोल्डर एक आणि तक्रारही एकच: नव्या बंगल्याचा जिना आपोआप जागा बदलतो. नेटवर्कमध्ये व्हायरस शिरलाय, यावर दोघांचं कधी नव्हे ते एकमत होतं.

तिने स्क्रीन पाहिला. व्हायरस वगैरे काही नव्हता. सासरे सकाळी जिना डावीकडे नेत होते आणि नवरा संध्याकाळी तो उजवीकडे. कित्येक आठवडे.

"दोघांनी एकाच जागी बदल केलेत, बाबा. कुणाचा ठेवू, एवढंच विचारतंय ते."

"त्याचाच ठेव," सासरे म्हणाले. "आमचं काय, आज आहोत, उद्या नाही."

"छे, बाबांचाच ठेव," पलीकडच्या टेबलावरून नवरा मान वर न करता म्हणाला. "या घरात दुसऱ्या कुणाचं काही ठेवलंय कधी?"

"अरे, डावा की उजवा?" सुनेने विचारलं. "मिस्त्री आज काँक्रीट ओतणार आहेत. कुठल्याही क्षणी फोन येईल त्यांचा."

"मी काही बोललो का? त्याचा ठेव म्हटलं ना. पडेल कुणीतरी, मग कळेल."

"उत्तर दिल्याशिवाय हे पुढे सरकत नाही," ती दात आवळून म्हणाली.

"मग असलं आगाऊ सॉफ्टवेअर बसवलंसच कशाला?" हे मात्र दोघे एकदम म्हणाले.

फोन वाजला. तिने स्पीकर सुरू केला. "मिस्त्री, जरा थांबा. जिना कुठे घ्यायचा ते आत्ता सांगते."

"जिना?" मिस्त्री म्हणाले. "तो कालच ओतला की, ताई. सकाळी डावा नकाशा यायचा, संध्याकाळी उजवा. माणसं बसवून किती दिवस ठेवणार? दोन्ही साहेबांचा मान राखला. हॉलच्या मधोमध घेतला."

बापलेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

"आता कठडा तेवढा राहिलाय," मिस्त्री म्हणाले. "तो कुणाच्या पसंतीचा घेऊ?"