पेन्सिलची रेघ

दुरुस्तीवाल्या इनामदारांनी भास्कररावांच्या कानामागचं झाकण उघडलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर मेंदूला जोडलेली, त्यांचं विचार करणं-बोलणं चालवणारी ही चिप स्वस्तातली, म्हणून कंपनीनंच मुद्दाम मंद करून विकलेली. त्यासाठी जोड तोडलेल्या दोन सोनेरी ठिपक्यांमध्ये इनामदारांनी पेन्सिलची रेघ ओढली. शिशातून वीज वाहू लागली.

"चहा टाकतेस का गं?" भास्कररावांनी विचारलं.

त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई चहा टाकायचं सोडून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. एवढं वाक्य ऐकायला आजवर अर्धी सकाळ जायची.

आठवडाभर ते भरभरून बोलले. मग गप्प गप्प राहू लागले.

"ती रेघ खोडून टाक," एका दुपारी ते म्हणाले. "मंद होतो तेव्हा डोळा मिटून उघडेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आता अंथरुणात पडून छताकडे बघत अख्खा दिवस काढावा लागतो."

प्रमिलाबाईंनी त्यांचा चहा उशाशी ठेवला, खोडरबर आणला, कानामागचं झाकण उघडलं आणि तशाच थांबल्या.

"तुमचा दिवस सरेल हो," त्या म्हणाल्या. "माझ्या दिवसाचं काय?"

चिप पूर्ण वेगात चालत होती. तरी भास्कररावांचं उत्तर येईपर्यंत चहा निवून गेला.