कपिलेचं दावं

दुबईच्या फ्लॅटमध्ये आईचा जीव रमत नाही, म्हणून शैलेंद्रनं तिला दोन दिवस अल ऐनजवळच्या एका जुन्या फार्मवर राहायला आणलं. गावचं घर गोठ्यासकट विकलं, हे तिला इथं मोकळ्या हवेत सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण पहिल्याच सकाळी कृष्णाबाई तिथल्या गाईची धार काढायला बसल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या. मग काही त्याची जीभ रेटेना.

निघायच्या वेळी त्यानं गाडीतूनच हाक मारली, "आई, यल्ला, चल लवकर, उशीर होतोय!"

कृष्णाबाई अजून गोठ्यातच होत्या. त्यांनी पिशवीतून एक झिजलेलं दावं काढलं आणि गुरं सांभाळणाऱ्या केरूच्या हातात दिलं. "माझ्या कपिलेचं आहे. दुबईला येताना तिला विकली. आता हे तुझ्या गाईला बांध."

केरू बीडकडचा. तो दचकलाच. "मावशी, असं कुठं असतंय व्हय? जनावर विकलं तरी दावं घरातच ठेवायचं, म्हंजी गोठा परत भरतो."

"म्हणून तर वर्षभर उशाशी घेऊन झोपले रे."

आईला न्यायला आलेला शैलेंद्र दाराबाहेरच थबकला.



"पण आता गोठाच राहिला नाही, बाबा. आणि मला कळलंय हे शैलूला सांगू नकोस हं, दोन दिवस झाले, सांगायला धजत नाहीये पोर माझं."